रकाना नसलेला आजार

आपल्या उमरीत ॲस्बेस्टॉस हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. आपण म्हणतो सिमेंटचा पत्रा. लोखंडी पत्रा गंजतो, पावसात त्याच्याखाली बोललेले ऐकू येत नाही, आणि मे महिन्यात तो तव्यासारखा तापतो. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, त्याचा आवाज कमी, आणि तो परवडतो. म्हणून तो जिनिंगच्या शेडवर आहे, गोठ्यावर आहे, शाळेच्या जुन्या खोल्यांवर आहे, कुठे मशिदीच्या वजूखान्यावर आहे आणि आपल्यातल्या कितीतरी जणांच्या डोक्यावर आहे. तो विकत घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. हातात जेवढे पैसे होते तेवढ्यात त्याने घर झाकले.

मराठवाड्यात याला आणखी एक कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेली. माळवदाचे जड छत जीव घेते, ही भीती तेव्हापासून आपल्या भागात मनात बसली. हलके छत हवे, ही मागणी रास्तच होती. पण हलके म्हणून घरावर जे चढले, त्यात सिमेंटसोबत काय मिसळले आहे, हे घेणाऱ्याला कुणी सांगितले नाही. त्यात साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस असतो. हे एक खनिज आहे. दगडासारखे खाणीतून निघते, पण त्याचे कापसासारखे तंतू सुटतात.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. आपल्या पत्र्यातला पांढरा ॲस्बेस्टॉसही त्यात आला. कामाच्या ठिकाणी ॲस्बेस्टॉसशी संबंध आल्याने जगात दरवर्षी २ लाखांहून जास्त माणसे मरतात, असे ही संघटना सांगते. साठाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये, युरोपीय संघाने २००५ पर्यंत, कॅनडाने २०१८ मध्ये. अमेरिकेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर २०२४ मध्ये बंदी जाहीर केली. भारतात नव्या खाणींना परवाने देणे १९८० च्या दशकातच थांबले. पण आयात चालूच आहे, आणि तीही लाखो टनांत. आज जगात सगळ्यांत जास्त ॲस्बेस्टॉस विकत घेणारा देश आपला आहे. जे आपल्या जमिनीतून काढू देत नाही, ते दुसऱ्याच्या जमिनीतून आणून आपल्या छतावर घालतो.

मग साधा प्रश्न उरतो. एवढे ॲस्बेस्टॉस येते, तर त्याने आजारी पडलेली माणसे कुठे आहेत? उमरीत कुणाला विचारले तर उत्तर येईल, "आमच्याकडे तर कुणाला काही झाले नाही." हे उत्तर खोटेपणाने दिलेले नसते. पण ते खरे आहे की नाही, हे कळायला आपल्याकडे एकही कागद नाही. आजचा लेख त्या कागदाबद्दल आहे.

धूळ काय करते

आधी घाबरगुंडी नको म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. शाबूत पत्र्याखाली झोपल्याने माणूस लगेच आजारी पडत नाही. सिमेंटने तंतू धरून ठेवलेले असतात. धोका सुरू होतो तो पत्रा कापताना, भोक पाडताना, फोडताना, घासताना, आणि पत्रा जुना होऊन त्याचा वरचा थर झिजायला लागला की. म्हणजे धोका धुळीचा आहे, आणि ती धूळ डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीपेक्षा फार बारीक असते. एकेक तंतू डोक्याच्या केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक असू शकतो. तो श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत जातो.

शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी बाहेरची वस्तू गिळून संपवतात. लांब तंतू त्यांना गिळता येत नाही. पेशी मरते, तंतू तिथेच राहतो, पुन्हा दुसरी पेशी येते. ही झटापट वर्षानुवर्षे चालते. त्यातून फुप्फुसात व्रण पडत जातात, ते कडक होते आणि माणसाला जिना चढताना धाप लागू लागते. या आजाराचे नाव ॲस्बेस्टॉसिस. तो बरा करणारे औषध नाही. याच तंतूंमुळे फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा आणि स्त्रियांच्या बीजकोशाचा कर्करोग होऊ शकतो. फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग तर बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचीच खूण असतो. जो माणूस बिडी-सिगारेट ओढतो आणि ही धूळही खातो, त्याचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्ही वेगवेगळ्या धोक्यांच्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो.

सगळ्यांत अवघड भाग वेळेचा आहे. धूळ आणि आजार यांच्यात वीस, तीस, कधी चाळीस वर्षांचे अंतर असते. विशीत पत्रे कापणारा पोरगा पन्नाशीत खोकू लागतो. तोपर्यंत त्याने तीन धंदे बदललेले असतात. ठेकेदार वारलेला असतो. ते शेड पाडून तिथे मंगल कार्यालय झालेले असते. डॉक्टर विचारतात, "किती दिवसांपासून खोकला?" तो सांगतो, "सहा महिने." तीस वर्षांपूर्वी काय काम करत होता, हे कुणी विचारत नाही, आणि त्यालाही ते सांगण्यासारखे वाटत नाही. कामामुळे होणाऱ्या आजारांवर १७०० साली ग्रंथ लिहिणारा इटलीचा डॉक्टर रामाझ्झिनी सांगून गेला होता की रोग्याला त्याचा धंदाही विचारा. सव्वातीनशे वर्षे झाली, आपल्या केसपेपरवर ती ओळ अजून क्वचितच दिसते.

घाटकोपरचा धडा

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात टर्नर ब्रदर्सच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यात नेली केरशॉ नावाची बाई काम करत होती. १९२४ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी ती गेली. तिच्या फुप्फुसाची तपासणी करून डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की हा ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा परिणाम आहे. कंपनीने जबाबदारी नाकारली. तरी तिचे नाव कागदावर आले. त्या कागदापासून पुढचे कागद तयार झाले आणि १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये कारखान्यातल्या धुळीसाठी नियम आले.

त्याच टर्नर घराण्याचा धंदा पुढे टर्नर अँड न्यूअल या नावाने वाढला आणि आपल्या मुंबईतही आला. घाटकोपरचा हिंदुस्तान फेरोडो हा ब्रेकचे लायनर बनवणारा कारखाना त्याच कुळातला. पुढे त्याचे नाव हिंदुस्तान कंपोझिट्स झाले. २००० नंतरच्या दशकात डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी या कारखान्याच्या कामगारांची तपासणी केली. १८१ कामगार तपासले गेले आणि त्यांतल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याला ॲस्बेस्टॉसिस निघाला. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी लिहिलेली एक गोष्ट मला आकड्यापेक्षा जास्त बोचते. देशात अंदाजे एक लाख कामगारांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध येत असताना नुकसानभरपाई मिळालेले तीसदेखील नव्हते. कारणेही त्यांनी दिली आहेत. कामगाराला आजाराचा दाखलाच मिळत नाही, डॉक्टरांना या आजारांचे शिक्षण नाही, आणि ॲस्बेस्टॉसिसच्या जागी टीबी किंवा जुनाट ब्राँकायटिस लिहिले जाते.

म्हणजे आजार होता आणि रोगीही होते. कुणीतरी मुद्दाम शोधायला गेले तेव्हा ते दिसले. ज्या कारखान्यात कुणी शोधले नाही, तिथला आकडा शून्य राहिला.

ही घाटकोपरची तपासणी होण्याआधीच सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ओळखला होता. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्राच्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल आला. कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद तो कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांतले जे उशिरा संपेल तोपर्यंत, सांभाळून ठेवावी, असा आदेश दिला. आजार सिद्ध झालेल्या कामगाराला १ लाख रुपये भरपाई ठरवली. चाळीस वर्षे हा आकडा लक्षात ठेवा. आजार किती उशिरा येतो हे न्यायालयाला कळले होते, म्हणून कागदही तेवढेच दिवस टिकला पाहिजे असे त्याने सांगितले. २०११ मध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी मागणारी याचिका न्यायालयाने फेटाळली, पण १९९५ चे आदेश पाळलेच पाहिजेत हे पुन्हा बजावले.

आपला रकाना कुठे आहे

पण हा निकाल कारखान्याच्या फाटकापर्यंत जातो. पत्रा फाटकाबाहेर पडला की तो आपल्या माणसांच्या हाती येतो. छतावर चढून ग्राइंडरने पत्रा कापणारा मिस्त्री, हुकसाठी भोके पाडणारा त्याचा पोरगा, वादळात उडालेले आणि गारांनी फुटलेले पत्रे उचलणारा मजूर, फुटके तुकडे घेणारा भंगारवाला, कॉम्प्रेसरच्या हवेने जुन्या ब्रेकमधली धूळ उडवणारा गॅरेजमधला मुलगा. यांतल्या कुणाचे नाव कुठल्या हजेरीपटावर आहे? यांची चाळीस वर्षांची नोंद कोण ठेवणार?

ही कामे कोण करतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मुस्लिम समाजातले कामकरी मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आणि असंघटित धंद्यांत आहेत, हे सच्चर समितीने २००६ मध्येच मांडले. गॅरेज, भंगार, बांधकाम, वेल्डिंग ही आपल्या मोहल्ल्याची रोजची रोटी आहे. आपल्याबरोबर दलित, आदिवासी, वडार अशा अनेक समाजांची माणसे त्याच छतावर चढतात. त्यांचीही नोंद नाही.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. आमच्याकडे एक साधी गोष्ट रोज दिसते. फॉर्ममध्ये ज्या माहितीसाठी जागा ठेवलेली नाही, ती माहिती कधीच गोळा होत नाही. पुढे अहवाल निघतो, त्यात ती शून्य दिसते, आणि वरचे साहेब म्हणतात की हा प्रश्नच नाही. ॲस्बेस्टॉसचे नेमके असेच झाले आहे. २०११ च्या जनगणनेत घराचे छत कशाचे, हा प्रश्न होता. पण लोखंडी, इतर धातूंचे आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे एकाच रकान्यात टाकले होते. त्यामुळे देशात नेमकी किती घरे ॲस्बेस्टॉसखाली आहेत, हे जनगणनेवरून सांगता येत नाही. आजारांच्या जागतिक यादीत ॲस्बेस्टॉसिसला जे-६१ आणि मेसोथेलिओमाला सी-४५ असे क्रमांक आहेत. आपल्या केसपेपरवर "दमा" किंवा "जुना खोकला" लिहिले जाते. घरी झालेल्या मृत्यूचे कारण तर खेड्यात डॉक्टर क्वचितच लिहून देतात.

नोंद अशक्य आहे असे नाही. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी चालते. त्यात आपल्या मराठवाड्यातले परंडा आणि भूमही येतात. गावोगाव जाऊन रोगी शोधायचे, कागद लिहायचा, असे हे काम आहे. शेतकऱ्याच्या घरात कर्करोग मोजता येतो, हे त्या लोकांनी दाखवून दिले. त्याच्या पुढचा प्रश्न, म्हणजे या माणसाने आयुष्यभर काय काम केले, हा प्रत्येक दवाखान्यात विचारला जायला हवा.

यादीचे महत्त्व धंदेवाल्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. घातक पदार्थांच्या व्यापारासाठी रॉटरडॅम करार आहे. त्याच्या यादीत पांढरा ॲस्बेस्टॉस आला तरी बंदी येत नाही. एवढेच होते की माल पाठवणाऱ्याला धोक्याची माहिती द्यावी लागते आणि घेणाऱ्या देशाची संमती लागते. एवढ्यासाठीही गेली कित्येक वर्षे काही देश नाव यादीत येऊ देत नाहीत. रशिया त्यात पुढे आहे, आणि आपल्या देशानेही अनेकदा विरोध केला आहे. नुसत्या नोंदीला इतका विरोध होतो, यावरून नोंदीची ताकद ओळखा.

यावर उत्पादकांचे म्हणणे असे की पांढरा ॲस्बेस्टॉस सिमेंटमध्ये बांधलेला असतो, म्हणून तो सुरक्षित. कारखान्यातून निघालेल्या, कुणीही हात न लावलेल्या पत्र्याबद्दल हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण हात न लावलेला पत्रा गोदामातच असतो. छतावर चढणारा प्रत्येक पत्रा भोक पाडून चढतो, आणि एक ना एक दिवस फुटून उतरतो.

आपण काय करायचे

घरावर पत्रा असेल तर उद्या उठून तो फोडू नका. शाबूत असेल तर तसाच राहू द्या. त्यावर शेवाळ आले म्हणून ब्रशने घासू नका. कापायचाच असेल तर ग्राइंडर वापरू नका. पत्रा पाण्याने भिजवा आणि हाताच्या करवतीने सावकाश कापा. काढताना हुक सैल करून अख्खा उतरवा, वरून फेकू नका. खाली पडलेली धूळ कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. तोंडाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. बारीक धूळ गाळणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. फुटके तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात, अंगणात किंवा चुलीजवळ वापरू नका. ते भिजवून जाड प्लास्टिकमध्ये बांधून बाजूला ठेवा. कामाचे कपडे घरात झटकू नका आणि पोरांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. नवऱ्याचे धुळीचे कपडे धुऊन मेसोथेलिओमा झालेल्या बायका जगात अनेक ठिकाणी आढळल्या आहेत. त्या कधी कारखान्यात गेल्याही नव्हत्या. गॅरेजमध्ये ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ओल्या कापडाने पुसा. आणि बिडी सोडा. हा एक उपाय आजही तुमच्या हातात आहे.

ज्याला दम लागतो, खोकला जात नाही, त्याने डॉक्टरांना स्वतः सांगावे: "मी अमुक इतकी वर्षे पत्रे कापायचे काम केले आहे." टीबीची औषधे चालू असतील तर ती मनाने बंद करू नका. टीबी आपल्याकडे खूप आहे आणि तो बरा होतो. पण औषधाचा कोर्स पूर्ण करूनही धाप राहिली, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीविकार विभागात जा आणि केसपेपरवर आपला धंदा लिहून घ्या. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ती करा. निदान एका सरकारी कागदावर तरी तुमचे नाव आणि काम एकत्र येईल.

आता तरुणांसाठी. आपल्या मोहल्ल्यात दहा-पंधरा पोरे एकत्र आलात तर एका महिन्यात एक यादी होऊ शकते. पत्रे, गॅरेज, भंगार आणि शेड पाडण्याचे काम केलेल्या प्रत्येक माणसासाठी सहा रकाने: नाव, जन्मवर्ष, काम, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, बिडी-तंबाखू, आणि छातीचा शेवटचा एक्स-रे कधी. ज्याची माहिती त्याला विचारूनच लिहा, आणि ती गावभर फिरवू नका. एक प्रत त्या माणसाच्या हातात द्या. रेशन कार्डाच्या पिशवीत ती राहील. वीस वर्षांनी तो डॉक्टरसमोर किंवा कामगार आयुक्तांसमोर बसेल, तेव्हा तोच त्याचा पुरावा असेल. न्यायालयाने जी नोंद कारखानदाराला ठेवायला सांगितली, ती आपल्या माणसांसाठी आपणच सुरू करू.

त्याबरोबर माहितीच्या अधिकारात एक अर्ज नगर परिषदेला आणि एक जिल्हा परिषदेला द्या. आमच्या तालुक्यातल्या किती शाळांच्या, अंगणवाड्यांच्या आणि सरकारी इमारतींच्या छतावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे आहेत, त्यांतले किती फुटलेले आहेत, आणि ते काढल्यावर कुठे टाकले जातात, एवढेच विचारा. उत्तर "माहिती उपलब्ध नाही" असे आले तर तेही जपून ठेवा. पुढची मागणी तिथूनच सुरू होते: मोजा, आणि नव्या सरकारी कामात हा पत्रा घेऊ नका.

आपल्या घरातही एक निर्णय आपल्याच हाती आहे. मशीद, मदरसा, ईदगाह, कब्रस्तानचे शेड यांचे बांधकाम चंद्यातून होते आणि ठराव जमातीत होतो. यापुढे आपल्या जमातीच्या पैशातून ॲस्बेस्टॉसचा एकही पत्रा विकत घेतला जाणार नाही, असा ठराव मुतवल्ली आणि कमिटीसमोर मांडा. रंगीत लोखंडी पत्रा, कौले, ॲस्बेस्टॉस नसलेला फायबर-सिमेंटचा पत्रा असे पर्याय बाजारात आहेत. थोडे महाग पडतील. शरियतच्या पाच मूळ उद्दिष्टांत हिफ्ज-ए-नफ्स, म्हणजे जीव राखणे, हे एक आहे. संविधानाचे २१ वे कलमही जीवाचेच रक्षण करते. जुम्म्याच्या बयानात या दोन्हींचा आधार घेऊन पाच मिनिटे पत्र्याच्या धुळीवर बोलायला कुठल्या इमामसाहेबांची हरकत असेल असे मला वाटत नाही.

या मोहिमेचा फायदा लगेच दिसणार नाही. आज थांबवलेल्या धुळीमुळे जो वाचेल, त्याला २०५० मध्येही कळणार नाही की तो वाचला. आधीच धूळ खाल्लेल्या माणसांचे मात्र तसे नाही. ते आज आपल्यात आहेत, पन्नाशी-साठीत आहेत, आणि त्यांच्याजवळ कुठलाही कागद नाही. यादीची सुरुवात त्यांच्यापासून करा. या आठवड्यातच पहिले नाव लिहा.